वाकडा उजेड आणि मास्तरांचा गळा

मास्तरांचा आवाज गेला तेव्हा गावात तो आवाज असलेला दुसरा माणूस मी एकटाच होतो.

हे मी फुशारकीने सांगतोय असं वाटेल. तर हो, फुशारकीनेच सांगतोय. कुलाबा जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात नकला करणारे पुष्कळ, पण ते सगळे कोंबडा, आगबोट आणि दारूडा यांच्यापुढे जात नाहीत. मी माणसं करायचो. कचेरीतले कारकून पान चघळत ‘उद्या या’ म्हणतात, ते मी असं काढायचो की एकदा कचेरीच्या ओट्यावर बसलेली दोन माणसं माझं ‘उद्या या’ ऐकून खरंच उठून घरी गेली. त्यांचं काम तसंही उद्यावरच जाणार होतं. मी फक्त त्यांचं ऊन वाचवलं.

सायन्सचे मास्तर हा तर माझा खास माल. आवाज नाकातून निघायचा, टाळूवर जरा विसावा घ्यायचा आणि मग बाहेर पडायचा. ‘पाहा’ हा शब्द ते तीनदा म्हणायचे आणि तिसरा इतका हळू, की सगळा वर्ग पुढे वाकायचा. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, दुसऱ्या खेपेला मॅट्रिक पास झालो, आणि मग बाबाने मला मिठागरावर हजेरी घ्यायला उभा केला. आमचं घर आगऱ्याचं. घरातली सगळी माणसं गुडघाभर खाऱ्या पाण्यात, आणि मी एकटा बांधावर कोरड्या पायांनी. त्यावरून टोमणे बसायचे, पण टोमण्यांनी पाय ओले होत नाहीत.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला मास्तरांचा गळा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी सांगितलं, पाऊस पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुज तर मुळीच नाही, तिने गळा जास्त फाटतो. एरवी मुका मास्तर म्हणजे पोरांची दिवाळी. पण वेळ वाईट होती. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणजे आमचे भाताच्या गिरणीवाले गुजराती शेठ. त्यांच्या डोक्यात आलं होतं की सायन्सचा वर्ग म्हणजे काचा फोडणे आणि धूर काढणे. त्यापेक्षा त्या खोलीत नामे, म्हणजे दुकानाच्या हिशेबाच्या वह्या, लिहायला शिकवलं तर पोरं दुकानांत लागतील. बोलाचाली होऊन शेवटी एवढं ठरलं, की मास्तरांनी सुट्टीआधी कमिटीपुढे आणि गावापुढे एक व्याख्यान द्यायचं, प्रयोग दाखवून. लोकांना कळलं तर वर्ग राहील. नाही कळलं तर वर्ग बंद, आणि मास्तरांनी जूनपासून दुसरी नोकरी बघायची. मास्तर पुण्याकडचे, इथे त्यांचं कोणी नव्हतं. होती ती एक खोली आणि तिच्यातलं काचेचं सामान.

एका सकाळी छत्री उघडून, धोतर वर खोचून, मास्तर चिखलातून मिठागरावर आले. माझ्यासमोर उभे राहिले. स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं, मग माझ्या गळ्याकडे.

मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, “पाहा, पाहा, पाहा. माझा गळा बसलाय आणि तुझा रिकामा पडलाय.”

त्यांनी डोळे वटारले. मग मान हलवली.

बाबा फावडं टाकून बघत होता. म्हणाला, “आरं, यो तुजा मास्तर मुका झाला कं?”

“गळा बसलाय, बाबा. मला बोलायला नेतायत.”

“तुना? बोलाया?” बाबा मास्तरांकडे वळला. “न्या की मास्तर. आमच्या कानांना तेवढाच इसावा.”

मग रोज संध्याकाळी मिठागरावरून सुटलो की मी सायन्सच्या खोलीत. मास्तर हातांनी शिकवायचे आणि मी तोंडाने पडताळा घ्यायचो. ते काहीतरी करून दाखवत, मी त्यांच्या आवाजात त्याचा अर्थ सांगे, चुकला की ते टेबलावर टिचकी मारत. उजेड म्हणजे काय, हे पहिल्यांदा मला त्यांच्या तळहातांनी सांगितलं. एक तळवा उभा धरला, एक आडवा, दोन्ही झुलवत खोलीभर चालले. मी म्हटलं, “मासा?” टिचकी. “साप?” टिचकी. शेवटी त्यांनी उभ्या तळव्याला बॅटरीचा सेल टेकवला आणि आडव्याला लोहचुंबक. तेव्हा टाळक्यात उजेड पडला. उजेड म्हणजे विजेचं आणि चुंबकाचं झुलणं, एकमेकांना आडवं, आणि दोघांनी मिळून धावायचं.

मोकळ्या आकाशात त्याला अडवणारं कोणी नाही. पण पाण्यात शिरला, काचेत शिरला, की तिथे आधीच माणसं बसलेली असतात. माणसं म्हणजे विजेचे बारीक कण, प्रत्येक वस्तूच्या पोटात असतात ते. उजेड आला की त्यांना धक्का देतो, ते डुलतात, आणि त्यांच्या डुलण्याने पुढचा उजेड मागे ओढला जातो. जेवढी डुलणाऱ्यांची दाटी, तेवढा उजेड सावकाश. गोड्या पाण्यात सावकाश, खाऱ्यात थोडा आणखी, काचेत त्याहून. आणि तिरका शिरला की सावकाश होता होता वळतो. एवढंच. सगळ्या गावाला लग्नात जेवून परत येताना जे होतं तेच.

मास्तरांना हे शेवटचं उदाहरण पसंत पडलं नाही. मी ठेवलं.

प्रयोगासाठी आम्ही खिडकीच्या जुन्या काचा लाखेने जोडून एक लांबट पेटी केली. बाबाने मिठागराच्या शेवटच्या वाफ्यातलं पाणी दिलं, मीठ धरायच्या बेतात आलेलं, बोट घातलं तर बोट चिकट होईल असं. त्यात दुधाचे दोन थेंब टाकले, म्हणजे आतून जाणारी किरणाची रेघ दिसते. खिडकीच्या फळीला भोक, बाहेर आरसा, दुपारचं ऊन आत. बेत असा की किरण पेटीत तिरका शिरला की वळेल, आणि एकदा वळला की आतून आखणीसारखा सरळ जाईल. तालमीत तसाच गेला.

व्याख्यानाच्या दिवशी दुपारी मी खोली उघडली तर पेटी निम्मी. कोपऱ्यातली लाख उन्हाने मऊ पडली होती आणि पाणी टेबलावरून जमिनीवर. मिठागर खाडीच्या पलीकडे, भरती चढत आलेली, बाहेर शेठ गाडीतून उतरतायत. मी कोपरा मेणाने बुजवला आणि शाळेच्या माठातलं गोडं पाणी घेऊन पेटी भरली. त्यातही दुधाचा थेंब टाकला. आता खारटपणा थोडा कमी असेल, असा माझा हिशेब.

पण कशी भरली ते ऐका. शेठ येणार म्हणून दाराला केळी बांधल्या होत्या. मी एक पान ओढलं, पाण्यावर अंथरलं आणि धार त्या पानावर सोडली, हळूहळू. आमच्यात कोणीही असंच ओततं. वाफ्यात पाणी घेताना तळ ढवळला तर मीठ काळं येतं, म्हणून पोराला चालता येईल न येईल तेव्हापासून शिकवतात, पाण्यावर पाणी निजवायचं. दुसऱ्या आळीतल्या कोणी ती पेटी भरली असती तर भसकन बादली उपडी केली असती आणि सगळं एकजीव झालं असतं. मी मिठागरवाला निघालो.

खोली भरली. पुढे खुर्चीवर शेठ, मांडीवर रुमाल. मागे गाव. एका कोपऱ्यात बाबा, लग्नातला कोट घालून. मास्तर टेबलामागे आणि मी त्यांच्या बाजूला.

मी सुरू केलं. “पाहा. पाहा. पाहा.”

तिसऱ्या ‘पाहा’ला सगळी खोली पुढे वाकली आणि मग फुटली. लोक मास्तरांच्या बंद तोंडाकडे बघत होते आणि आवाज माझ्यातून येत होता.

शेठ म्हणाले, “अरे भाई, यातला मास्तर कोण? पगार मी कोणाला देतो?”

“पगार टेबलामागे द्या, शेठ,” मी मास्तरांच्या आवाजात म्हटलं. “इकडे फक्त कान द्या.”

पहिला भाग झकास गेला. बॅटरीच्या तारा गोड्या पाण्याच्या पेल्यात घातल्या, बल्ब काळा. खाऱ्या पाण्यात घातल्या, बल्ब मिणमिणला. बायका ‘अगो बाई’ म्हणाल्या. तांब्याचा पत्रा किरणापुढे धरला, उजेड परत फिरून नेमका शेठच्या टकलावर. ते मुद्दाम नव्हतं. जास्त मुद्दाम नव्हतं.

मग पेटी. मी म्हटलं, “आता किरण आत शिरेल, वळेल, आणि पुढे सरळ, अगदी सरळ जाईल.” मास्तरांनी हातातल्या छोट्या आरशाने किरण पेटीकडे वळवला.

किरण आत शिरला आणि विळ्यासारखा वाकला. सरळ नावाला नाही. सुरुवातीला आडवा, मग खाली झुकत झुकत, शेवटी पेटीच्या तळाला टेकला. असा वाकडा उजेड मी जन्मात पाहिला नव्हता, आणि गावानेही नाही.

“मास्तर,” शेठ म्हणाले, “गळा तर बसला, आता उजेड पण बसला?”

लोक हसले. ते हसणं मला कळत होतं, मी त्याच धंद्यातला. ही हसणारी माणसं घरी जाऊन ‘काही कळलं नाही’ असंच सांगणार होती. मास्तरांचा आवाज माझ्या तोंडात होता, पण त्या आवाजाला या वाकड्या उजेडाचं काहीच पाठ नव्हतं. मी मास्तरांकडे बघितलं.

मास्तरांचा चेहरा पडला असेल असं मला वाटलं होतं. ते तर पेटीला नाक लावून उभे होते, लहान मुलाने जत्रेत उभं राहावं तसे. मग त्यांनी वरच्या पाण्यात बोट घातलं, चाटलं. बाही वर करून हात तळाशी घातला, चाटला, तोंड वाकडं केलं. माझ्याकडे बघितलं. मी हळूच केळीच्या पानाकडे बोट दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि गदागदा हसले, आवाजाशिवाय. मग दोन्ही हात पुढे करून आडवा बांबू धरल्यासारखं केलं, एक पाय जोरात, एक पाय जड, आणि चालत चालत वळले.

ते मला लगेच कळलं. कारण ते मिठागर होतं.

मी मास्तरांचा आवाज सोडून दिला. “मंडळी, हा उजेड आजारी नाही, शहाणा आहे. वर गोडं पाणी आहे, खाली खारं, मध्ये थोडं थोडं मिसळत गेलेलं. आता असं बघा. मी आणि बाबा एक लांब बांबू आडवा धरून चाललोय. मी कोरड्या बांधावर, बाबा बाजूच्या चिखलात. मी भराभर, बाबा सावकाश. बांबू कुठे वळेल?”

“माज्या अंगावं,” बाबा मागून म्हणाला. “रोज वलतो.”

“बरोबर. उजेडाची वरची कड गोड्यात, तिला घाई. खालची खाऱ्यात, तिथे दाटी. म्हणून तो खाऱ्याकडे वळतो. चिखल एकदम खोल असता तर एकदाच वळला असता. इथे तो बोटाबोटाने खोल होत जातो, म्हणून वळणपण बोटाबोटाने. विळा होतो.”

आता हसणं थांबलं होतं. पुढच्या रांगेतली माणसं उठून पेटीपाशी आली. मास्तरांनी एका बांबूच्या काडीने पाणी ढवळलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो विळा थरथरला, विस्कटला, आणि आखणीसारखा सरळ झाला. मला वाटतं त्या दिवसातलं सगळ्यात मोठं बोलणं मास्तरांनी त्या काडीने केलं.

मी आता मिठाई वाटायच्या बेतात होतो, तेवढ्यात बाबा उभा राहिला.

“आरं पन माना एक सांग. तांब्यातून वीज जाते, म्हनून तांबा उजेडाला हाकलतो, आसा बोललास तू. आमच्या पान्यातून पन वीज गेली, डोल्यांनी पायली. मंग पान्यातून आरपार दिसतं कसा?”

घरचा माणूस घात करतो तो असा. पण हे मला येत होतं. मी स्वतः तालमीत हाच प्रश्न घालून मास्तरांचं डोकं खाल्लं होतं आणि त्यांनी हातवारे करून करून मला ते पटवलं होतं. अडचण वेगळी होती. या उत्तराला एक नक्कल लागायची, आणि ती नक्कल ज्याची, तो माणूस पहिल्या खुर्चीवर मांडीवर रुमाल टाकून बसला होता. तालमीत मास्तरांनी त्या नकलेला टेबलावर केवढी टिचकी मारली होती, बोट लाल होईपर्यंत.

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांना कळलं मी काय करणार ते. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी ते ‘हो’ असं धरलं.

“तांब्यातले कण म्हणजे बंदरावरच्या कोळणी,” मी म्हटलं आणि पदर खोचल्यासारखं केलं. “हलक्या, चपळ. उजेडाने दारात पाय टाकला की सगळ्या एकदम उठतात, ‘कोन रं तू, चल भायेर’, आणि तो आल्या पावली परत. म्हणून तांबं चकाकतं. पण खाऱ्या पाण्यात वीज वाहणारे कण मिठाचे, भारी. ते गादीवर बसलेत.” मी खाली बसलो, मांडीवर हात ठेवला, पोट सैल सोडलं. “उजेड म्हणतो, ‘या शेठ.’ शेठ म्हणतात, ‘आवतो, भाई, आवतो.’” मी गुडघ्यावर हात टेकून अर्धा वर झालो. “तेवढ्यात उजेड म्हणतो, ‘नको, तिकडे जा.’ शेठ परत गादीवर. ‘या.’ ‘आवतो.’ ‘जा.’ उजेडाचं या आणि जा इतकं भराभर, की शेठची गादी सुटतच नाही. मग उजेडाला अडवणार कोण? तो दुकानावरून निघून जातो. बॅटरीचं तसं नाही. बॅटरी एकाच बाजूने हाका मारते, या, या, या. तेव्हा शेठ उठतात आणि खरंच चालायला लागतात. म्हणून बल्ब लागतो.”

खोलीत कोणी हसेना. सगळे शेठकडे बघत होते. मी तसाच अर्धा वर, गुडघ्यावर हात ठेवून. त्या अवघडलेल्या स्थितीत मला मास्तरांची खोली रिकामी दिसली, आणि तिच्यात सतरंजी टाकून नामे लिहिणारी पोरं.

शेठनी रुमालाने तोंड पुसलं. “म्हणजे मी मिठाचा कण?”

“भारी कण, शेठ. हलक्यातला नाही.”

“हं.” त्यांनी रुमालाची घडी घालून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “माझ्या घरी रेडियो आहे. खिडकी बंद, दार बंद, तरी मुंबईचं गाणं भिंतीतून आत येतं. मास्तर पूर्वी बोलले, ते पण उजेडाच्याच जातीचं. तो हा उजेड भिंतीतून का नाही येत?”

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, तेव्हा मला कळलं. मास्तरांनी डोळे उघडले. त्यांनी बोटं बारीक थरथरवली, मग हात सावकाश, लांब हेलकावत नेला.

“जात एक, चाल वेगळी,” मी म्हटलं. “उजेडाचं झुलणं इतकं बारीक की भिंतीतल्या कणाकणाला अडखळतं, तिथेच जिरतं. रेडियोची लाट लांबलचक, मध्ये विटा होत्या हे तिच्या गावीही नाही. पण तीच लाट समुद्रात घाला. तिचं या आणि जा सावकाश. शेठना उठायला वेळ मिळतो, शेठ उठले की तिची सगळी ताकद खाऊन टाकतात, आणि ती हातभर खोल जाते न जाते तोच संपते. तिथे उजेड जातो. ज्या पाण्यातून एक आरपार, त्यातच दुसरी बुडते.”

“एटले, म्हणजे माझा रेडियो पाण्यात नाही चालणार.”

“पाण्यात घालू नका, शेठ. बाकी कारणंही आहेत.”

आता शेठच पहिले हसले, आणि मग गावाला परवानगी मिळाली.

लोक पांगल्यावर कमिटी तिथेच बसली. शेठनी मला बोलावलं. “वर्ग राहील. मला कळलं, तो गावाला पण कळलं. पण डॉक्टर बोलतो, मास्तरचा गळा कधी येईल सांगता नाही येत. जूनपासून तू ये. मास्तरची जागा तू घे.”

मास्तर टेबलामागे पेटीतलं पाणी काढत होते. त्यांनी ऐकलं. काढायचे थांबले नाहीत.

मॅट्रिकवाल्याला अशी जागा पुन्हा चालून येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मला हेही ठाऊक होतं की उजेड वाकला तेव्हा माझ्यापाशी फक्त आवाज होता. मी म्हटलं, “शेठ, मी जे बोललो ते सगळं त्यांच्या हातात होतं. तुम्ही हात ठेवा. गळा मी असाच आणून देतो, संध्याकाळचा.”

“असाच म्हणजे फुकट?”

“फुकट.”

शेठ कमिटीकडे वळले. “फुकट छे तो बराबर छे.” नाम्याचा वर्ग मग त्यांनी स्वतःच्या गिरणीतच काढला, तिथे पोरांना तूस मोफत.

जूनपासून सायन्सचा तास शाळा सुटल्यावर भरायला लागला, कारण पावसात मिठागरं बंद असली तरी भाताच्या शेतावरून मी तेव्हाच सुटायचो. मास्तर हात चालवायचे, मी तोंड. कधी मी मुद्दाम जास्तीचं बोललो की टिचकी यायची आणि पोरं खूश. गणपतीच्या आसपास एके दिवशी मी दारात पोचलो तर आतून आवाज आला. बारीक, कोरडा, पण त्यांचा.

“पाहा. पाहा.”

पोरं एकमेकांकडे बघत होती. पहिल्या बाकावरचा एकजण म्हणाला, “सर, तुम्हांला येत नाय. ते आले की त्यांना सांगू द्या.”

मास्तरांनी मला दारात पाहिलं. खडू खाली ठेवला आणि खरोखर विचारायचं म्हणून विचारलं, “बरोबर येतंय का?”

मी नीट ऐकून घेतलं होतं. म्हटलं, “नाकातून बरोबर आहे, सर. पण शेवटचा ‘हा’ तुम्ही तोडताय. तुम्ही तो लांबवता.”

त्यांनी मान डोलवली, पोरांकडे वळले, आणि लांबवून म्हटलं.